डोंगरावरून शेवटी कोण उतरतं?

आमच्या ओळखीतलं कोणी बर्फ बघून आलं की पुढच्या शुक्रवारच्या सुट्टीत त्यांच्याकडे फोटो बघायला जावंच लागे. शारजातल्या मराठी माणसाला यातून सुटका नव्हती. यजमान अल्बम उघडत, आत वहिनी बटाटेवडे तळत, आणि आम्ही प्रत्येक फोटोला "वा, काय व्ह्यू आहे!" म्हणून पान उलटायची वाट बघत असू. अशा बैठकीला टिपणीस आले की यजमान धास्तावे. टिपणीस सगळा अल्बम निमूटपणे बघत. शेवटचं पान झालं की चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसत आणि विचारत, "लिफ्ट बंद झाल्यावर डोंगरावरून सगळ्यात शेवटी कोण उतरतं?"

"म्हणजे?"

"म्हणजे संध्याकाळ झाली, सगळे घसरून घसरून खाली आले. वर कोणी राहिलं नाही ना, हे कोण बघतं?"

"असेल की त्यांचा कोणीतरी माणूस. स्वित्झर्लंड आहे ते, टिपणीस!"

"तू बघितलंस त्याला?"

"नाही बुवा. तोवर आम्ही हॉटेलात चहा घेत होतो."

"मग ओव्हररेटेड," टिपणीस म्हणत आणि वडा उचलत.

एवढा पैसा ओतून बघून आलेल्या जागेला, स्वतः आयुष्यात कधी बर्फाच्या डोंगरावर पाय न ठेवलेल्या माणसानं असं म्हटलं की यजमानाचं तोंड कडू होणारच. लोक त्यांना विक्षिप्त म्हणत. काही जण टिपणीस येणार असले तर अल्बमच काढत नसत. मी मात्र त्या प्रश्नाला कधी हसलो नाही, कारण तो प्रश्न जन्माला आला तेव्हा मी त्यांच्या गाडीत बाजूच्या सीटवर होतो.

अच्युत टिपणीस मूळचे पेणचे. दुबईत अल क्वोजमधल्या एका कोल्ड स्टोरेजचे रेफ्रिजरेशन इंजिनियर. मी त्याच कंपनीत कस्टम्स क्लिअरिंगची कागदपत्रं बघत असे. आम्ही दोघंही शारजाच्या रोल्ला भागात राहत असू, त्यामुळे रोजचं जाणं-येणं त्यांच्या गाडीतून. ही सोय होती आणि शिक्षाही, कारण टिपणीस गाडीत एसी लावत नसत. मे महिन्यातसुद्धा. "दिवसभर थंडी तयार करतो मी. हलवाई घरी जाऊन पेढे खातो का?" असं म्हणून ते काच खाली करत आणि भट्टीतली हवा आत घेत. ऑफिसला पोचेपर्यंत माझा शर्ट पिळून काढण्यासारखा होई, आणि हा गृहस्थ बडीशेप चघळत कोरडा ठणठणीत उतरे.

थंडीबद्दल ते शेजारच्या घरातल्या आतल्या गाठीच्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलत. "ऊन बरं, दामले. ऊन आधी ओरडतं, मग मारतं. थंडी गप्प बसून काम करते." हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल कोण जाणे. तेव्हा मला ते इंजिनियरचं तत्त्वज्ञान वाटे आणि मी मान हलवून पेपर वाचत असे.

त्यांच्या फ्रीझरचा एक नियम होता आणि तो त्यांनी स्वतः घातला होता. दाराबाहेरच्या भिंतीवर लोखंडी हूक होते आणि प्रत्येक हुकावर एक जाडजूड, गोधडीसारखा शिवलेला निळा कोट. आत जाणाऱ्यानं कोणताही कोट चढवायचा, बाहेर आला की टांगायचा. संध्याकाळी दाराला कुलूप घालण्याआधी फोरमननं भिंतीकडे बघायचं. सगळ्या हुकांवर कोट असले तर आत कोणी नाही. एक जरी हूक रिकामा असला तर आत माणूस आहे. रजिस्टर नाही, सही नाही. "सही माणूस घाईत ठोकून देतो," टिपणीस म्हणत, "कोट घातल्याशिवाय मात्र कोणी आत पाऊल टाकणार नाही." या नियमाचा त्यांना फार अभिमान होता. नव्या माणसाला ते भिंतीसमोर उभं करून तो समजावत, मराठीत, हिंदीत आणि मल्याळमच्या चार शब्दांत.

आणि याच भिंतीला त्यांनी स्वतःच्या हातानं भोक पाडलं. वाईट हेतूनं नव्हे. उलट, चांगुलपणानं.

त्या वर्षांत आपल्या लोकांना बर्फाचं वेड लागलं होतं. डिसेंबरच्या सुट्टीत कोणी स्वित्झर्लंडला, कोणी लेबनॉनच्या डोंगरात. जायचं ठरे, तिकिटं होत, आणि मग लक्षात येई की घरात अंगावर घालायला शालीपलीकडे काही नाही. रोल्लात स्वेटर मिळत, पण ते ऑफिसच्या एसीपुरते. एकदा आमच्या बिल्डिंगमधल्या कामतांनी टिपणीसांना सहज विचारलं, "तुमच्याकडे ते कोट असतात ना?" टिपणीसांना नाही म्हणता येत नसे. आमच्याकडचे बरेच कामगार डिसेंबरात गावी जात आणि तेवढे कोट रिकामे असत. त्यांनी चार कोट दिले. कामत मंडळी आली ती हसतच. त्या कोटांना वर्षानुवर्षांच्या सुरमईचा वास मुरलेला. केबल कारमध्ये ही माणसं चढली की बाकीचे गोरे पुढच्या डब्याची वाट बघत. "टिपणीस, तुमच्या कृपेनं आम्हाला अख्खा डबा मिळाला!" कामत सांगत होते आणि टिपणीस डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते.

मग काय, गावभर झालं. डिसेंबर आला की टिपणीसांच्या दारात कोटांसाठी माणसं. ते कोट देत आणि त्याबदल्यात फक्त हकिगत मागत. तेव्हा त्यांचे प्रश्न वेगळे होते. तुझ्या आईचे गुडघे दुखतात, ती कुठे बसली? तिला बसल्या जागेवरून तुम्ही घसरताना दिसत होता का? सूप गरम होतं की नुसतं महाग? यावरून ते ठरवत, कुठली जागा बघण्यासारखी आणि कुठली उगाच चढवलेली. "घसरणारे मजा करणारच रे. न घसरणाऱ्याचं काय केलंय, त्यावरून जागा ओळखावी." मला त्यांचं हे म्हणणं फार पटलं होतं. आजही पटतं.

कोट बाहेर गेल्यामुळे डिसेंबरात भिंतीवर थोडे हूक रिकामेच असत. टिपणीसांनी फोरमन जॉर्जला सांगून ठेवलं होतं, "कुछ कोट बाहर है, टेन्शन मत लो." जॉर्ज त्रिशूरचा, शहाणा माणूस. साहेबांनी टेन्शन नको म्हटल्यावर त्यानं घेतलं नाही.

त्या वर्षी रमजान डिसेंबरात आला होता. कामाचे तास कमी, आणि शेवटच्या तासाला सगळ्यांचं लक्ष इफ्तारकडे. कामगारांची बस मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाच्या, आधी कॅम्पवर पोचवायची म्हणून जॉर्जची "यल्ला, यल्ला" चाललेली. आम्ही दोघं बसच्या जरा आधी निघालो. शारजाच्या रस्त्यावर ही गर्दी. प्रत्येकाला बांगेच्या आत घर गाठायचं होतं, त्यामुळे कोणालाच गाठता येत नव्हतं.

टिपणीस खुशीत होते. कामत त्या वर्षी पुन्हा बर्फात जाऊन दुपारीच कोट परत देऊन गेले होते, सोबत चॉकलेटचा डबा. "कामत म्हणाला, ही जागा बेकार. नुसतं नाव. बायकोला दिवसभर एका लाकडी बाकावर—" टिपणीस बोलता बोलता थांबले. पुढची गाडी सरकली. आमची सरकली नाही. मागून हॉर्न सुरू झाले.

"टिपणीससाहेब, चला."

"दामले, कामतांचे कोट आज आले ना?"

"आले. तुम्हीच टांगलेत."

"सगळे आले. बाहेर आता एकही कोट नाही." त्यांचे हात स्टिअरिंगवर होते आणि ते माझ्याकडे बघत नव्हते. "निघताना भिंतीवर एक हूक रिकामा होता. मी बघितला. माझी नजर गेली त्याच्यावर. आणि मी पुढे गेलो."

मला अर्थ कळायला क्षणभर लागला. सगळे कोट परत आल्याचं जॉर्जला माहीत नव्हतं; तो रिकामा हूक बघूनही तो कुलूप घालणार होता, आणि आत माणूस होता.

त्यांनी मोबाइलवरून ऑफिसला फोन लावला. वाजत राहिला. वॉचमन रोजा सोडायला गेलेला असणार. जॉर्ज बसबरोबर, त्याच्याकडे फोन नव्हता. टिपणीसांनी गाडी डावीकडे काढायला सुरुवात केली. कोणी जागा देत नव्हतं, शिव्या मिळत होत्या, अरबीत, उर्दूत, मल्याळममध्ये. आयुष्यात कधी लेन न सोडलेला हा माणूस दोन चाकं दुभाजकावर चढवून वळला. मी डोळे मिटून घेतले होते.

परतीच्या रस्त्यावर असताना बांग झाली. मग दुबईचे रस्ते रमजानात ओस पडतात तसे पडले. इतका मोकळा रस्ता मला आयुष्यात इतका भेसूर कधी वाटला नाही. टिपणीस गाडी दामटत होते. फक्त एकदा, "आतला दांडा," एवढंच म्हणाले. दार आतून उघडायला एक दांडा होता, पण त्या आठवड्यात त्याच्यावर बर्फ धरत होता आणि दुरुस्तीचा माणूस ईदनंतर येणार होता. दोन गोष्टी. एक हूक आणि एक दांडा. नुसती एकच चुकली असती तर काही झालं नसतं.

वॉचमन खान कोपऱ्यावरच्या मशिदीच्या अंगणात पंगतीला बसला होता. टिपणीस चपला घालूनच चटईवर शिरले. "खान, चाबी! चाबी!" लोक उठून उभे राहिले. खानच्या हातात हरीसाचा घास होता. तो टाकून तो धावत सुटला आणि त्याच्यामागे आम्ही. भिंतीवर तो हूक तसाच रिकामा होता. बाकी सगळे कोट ओळीनं शांत लटकत होते. कुलूप उघडलं, पण दार हलेना. आम्ही तिघांनी जोर लावला तेव्हा ते सुटलं आणि पांढरी वाफ अंगावर आली.

आत अब्बास होता. मंडणगडकडचा, आमच्याकडे गाड्या भरणारा, तिशीतला माणूस. शेवटच्या क्षणी चुकलेलं एक खोकं बदलायला तो आत गेला होता. त्यानं आतल्या खोक्यांचे पुठ्ठे फाडून पायांना गुंडाळले होते आणि तो चालत होता. दोन रांगांच्या मधून इकडून तिकडे. आम्ही दिसलो तरी तो लगेच थांबला नाही, जणू पायांना थांबायचं माहीत नव्हतं. टिपणीसांनी त्याला मिठी मारून थांबवलं. भुवया पांढऱ्या झालेल्या. ओठ हलेनात. बाहेर आणून आम्ही त्याला सगळे कोट घातले, भिंतीवरचे झाडून सगळे.

बऱ्याच वेळानं त्याच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं. "साहेब, बांग झाली काय?"

"झाली रे बाबा. केव्हाच झाली."

"आत काय ऐकू येत नाय," तो म्हणाला. त्यानं खिशाकडे खूण केली. खिशात रोजा सोडायला ठेवलेला एक खजूर होता. दगड झालेला. आत जीव जायची वेळ आली होती आणि या माणसानं बांग ऐकली नाही म्हणून तो तोंडात घातला नव्हता. टिपणीसांनी तो खजूर घेतला आणि दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून बसले. अँब्युलन्स येईपर्यंत तसेच. मऊ झाल्यावर त्यांनी तो अब्बासच्या तोंडात घातला. त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि पुसायला हात मोकळे नव्हते.

अब्बास वाचला. डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. वॉचमन, जॉर्ज, अब्बास स्वतः, सगळ्यांनी दांड्यालाच दोष दिला. कोटांची गोष्ट कोणाला जोडता आली नव्हती. टिपणीस गप्प बसले असते तर ती कधीच निघाली नसती. पण दुसऱ्याच दिवशी ते अरबाबांच्या, म्हणजे मालकांच्या, खोलीत गेले, आणि अरबीत चुकीचं काही सांगितलं जायला नको म्हणून, कस्टम्सच्या कामानं अरबी शिकलेल्या मला बरोबर घेतलं. त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं, कामतांच्या सुरमईच्या वासासकट. अरबाब म्हातारा, भला माणूस. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "खलास, मिस्टर टिपणीस. नो मोअर कोट्स. अल्हमदुलिल्ला, द मॅन इज अलाइव्ह." आणि चहा मागवला.

टिपणीसांनी तो चहा तसाच ठेवला. शिक्षा मिळाली असती तर ते सावरले असते असं मला आजही वाटतं. त्यांनी अब्बासला आतल्या कामावरून काढून बाहेर गाड्यांवर घातलं, उन्हात. अब्बास चेष्टा करी, "साहेब, हितं लय घाम येतो." त्याला घाम आलेला बघायला टिपणीस दिवसातून अनेकदा बाहेर येत.

पुढच्या डिसेंबरात कोट मागायला माणसं आली. "कोट नाहीत," एवढंच उत्तर. कारण नाही, दिलगिरी नाही. एक वहिनी इतक्या दुखावल्या की त्यांनी हळदीकुंकवाला टिपणीस वहिनींना बोलावणं सोडलं. मला राहवेना. "मी सांगू का लोकांना, काय झालं ते?" मी एकदा गाडीत विचारलं.

"नको. सांगितलंस तर सगळे येऊन म्हणतील, तुमची काय चूक, टिपणीस? मला ते ऐकायचं नाही."

तेव्हापासून फोटोंच्या बैठकीत सुपाचे आणि गुडघ्यांचे प्रश्न संपले. राहिला तो एकच. किती घरी विचारला असेल! कोणालाही उत्तर आलं नाही, आणि जगातले सगळे नावाजलेले बर्फाचे डोंगर शारजातल्या एका दिवाणखान्यात एकामागून एक ओव्हररेटेड ठरत गेले.

उत्तर दिलं ते फक्त कामतांच्या मिनूनं. दहावीतली पोर. ते सगळे फ्रान्समध्ये कुठेतरी जाऊन आले होते, नाव ऐकलं नसेल अशा छोट्या गावात. कामतांनी प्रश्नाच्या भीतीनं अल्बम भराभर उलटला. तरी प्रश्न आलाच. कामत छताकडे बघू लागले. मिनू कोचावरून म्हणाली, "अंकल, देअर वॉज धिस गाय इन अ रेड जॅकेट. ही कम्स डाउन लास्ट. व्हेरी स्लो. ही स्टॉप्स अॅट एव्हरी टर्न अँड शाउट्स."

टिपणीस पुढे सरकले. "शाउट्स? काय ओरडतो?"

"आय डोंट नो, फ्रेंचमध्ये काहीतरी. मग ही वेट्स. लाइक, टु सी इफ समवन आन्सर्स."

"आणि कोणी उत्तर दिलं नाही की?"

"देन ही कम्स डाउन टु द नेक्स्ट टर्न."

टिपणीस उठून कोचापाशी गेले. मग त्यांनी मिनूच्या डोक्यावर हात ठेवला. "ही जागा बघण्यासारखी आहे, कामत. पुन्हा जा," ते म्हणाले. कामतांना परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखा आनंद झाला आणि त्या आनंदात त्यांनी आम्हाला जेवूनच जायला लावलं.

पुढे टिपणीस रिटायर झाले. व्हिसा संपत आलेला, सामान कार्गोनं पेणला गेलेलं. त्याच सुमाराला दुबईतल्या एका मॉलमध्ये काचेच्या मागे चक्क बर्फाचा डोंगर उभा राहिला होता. बाहेर वाळवंट, आत लिफ्ट आणि घसरणारी माणसं. "आता जाताना तरी बर्फ बघा," म्हणून मी त्यांना ओढून नेलं. त्या दिवशी काही दुरुस्ती होती म्हणून दुपारीच बंद होणार होतं, पण आम्हाला शेवटच्या तासाची तिकिटं मिळाली. आत शिरताना त्यांनी सगळ्यांना देतात तो भाड्याचा कोट घातला आणि पहिल्यांदा बाही नाकाशी नेली. "मासे नाहीत," ते म्हणाले. मी हसलो, ते नाही.

घसरण्यात त्यांना रस नव्हता. ते खाली एका बाजूला उभे राहून छतातले पंखे आणि पाईप बघत राहिले. वेळ संपल्याची सूचना झाली, पोरं ओरडत बाहेर पडली, आम्हीही कोट परत करून काचेच्या बाहेर आलो. लिफ्ट थांबली. रिकाम्या डोंगरावर एक नेपाळी दिसणारा पोरगेला कर्मचारी एकटा चालत वर निघाला होता. वळणावर थांबे, कडेच्या बर्फाच्या ढिगाऱ्यांमागे डोकावे, पुढे जाई. टिपणीसांनी माझा दंड धरला. त्यांची बोटं माझ्या दंडात रुतली होती.

तो वर दिसेनासा झाला. मग आतले दिवे एकेक करून मालवायला लागले.

"चला टिपणीससाहेब, बघितलंत ना? बघतात हो इथे. पार्किंगमधून निघायला गर्दी होईल."

ते हलले नाहीत. अर्ध्या बाह्यांच्या शर्टात, काचेला कपाळ टेकवून उभे. पिशव्या घेतलेली माणसं त्यांना वळसा घालून जात होती. मी पुन्हा हाक मारली तेव्हा मान न वळवता त्यांनी फक्त हात वर केला.

"थांब जरा. तो अजून आत आहे."